नकाशातला निळा रंग
(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेलं भाषण)

फराळानंतर नकाशे म्हणजे झोपेला आमंत्रण, तेव्हा थोडक्यात सांगतो.

मी काही हवामानशास्त्रज्ञ नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटासाठी कन्सल्टिंग, आणि हौस म्हणून जीआयएस, म्हणजे नकाशा आणि त्यामागचे आकडे. मंडळातल्या एका काकांनी मला विचारलं, "अरे, अलिबागजवळचं शेत ठेवू की विकू? कॉम्प्युटरवर सगळं निळं दिसतंय." तो निळा रंग येतो कुठून, ते आधी पाहू.

पाणी मोजणं जुनंच काम आहे. न्यूयॉर्कच्या बॅटरीपाशी १८५६ पासूनच्या आणि मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. १९९२ साली टोपेक्स-पोसायडन उपग्रह गेला. १९९३ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार जगातला समुद्र सरासरी सुमारे १० सेंटिमीटर वर आलाय. सगळीकडे सारखा मात्र नाही. बॅटरीला वर्षाला साधारण ३ मिलिमीटर, तर आपल्या अटलांटिक सिटीत ४ च्या आसपास. कारण तिथली वाळू-माती दबत चाललीय. पाणी चढतंय आणि जमीनही खचतेय!

खरी गोम जमिनीच्या उंचीत आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. हा डेटा फुकट, म्हणून सर्रास वापरला जातो. पण रडारला माडांचे शेंडे आणि घरांची छपरं जमिनीसारखीच दिसतात. शिवाय उंची दिलेली पूर्ण मीटरमध्ये. म्हणजे सोनं तोलायला कोळशाचा काटा! २०१९ साली क्लायमेट सेंट्रलच्या कल्प आणि स्ट्रॉस यांनी या उंच्या सुधारून पाहिल्या, तर आजच्या भरतीरेषेखाली राहणाऱ्यांचा अंदाज २.८ कोटींवरून ११ कोटींवर गेला. माणसं तीच, नकाशा बदलला.

आपल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्याचं लायडार आहे. विमानातून लेसर सोडतात, काही किरण पानांमधून खाली पोचतात आणि उंची वीतभर चुकीच्या आत मिळते. तेही फुकट. कोकणातल्या शेतकऱ्याला असं घरबसल्या मिळत नाही, आणि मला हे खटकतं.

आता काकांचं शेत. ते खारजमिनीत आहे. आजही उधाणाच्या भरतीपेक्षा खाली, बांधामुळे वाचलेलं. साधा नकाशा फक्त उंची बघतो. ठरावीक पातळीखालचं सगळं निळं रंगवतो. मातीचा बांध, उघाडी, हे त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे निळं म्हणजे बुडालंच असं नाही. पण पांढरं म्हणजे सुरक्षित असंही नाही, कारण बांधाला एक खांड गेली की खारं पाणी भातात शिरतं, आणि पुढची काही वर्षं पीक नीट येत नाही.

म्हणून काकांना म्हटलं, नकाशा बघून विकू नका. बांध शेवटचा कधी दुरुस्त झाला, उघाडीची दारं घट्ट बसतात का, उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली राहतं, हे गावी विचारा. डिसेंबरमध्ये जे जाणार आहेत त्यांनी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची खूण टेपने मोजून तारीख-वेळेसह लिहून आणा. दरवर्षी त्याच जागी मोजलंत, तर आपल्या बांधापुरतं तरी ते रडारपेक्षा उपयोगी पडेल.

चला, प्रोजेक्टर चालू आहे. कोणाचं गाव आधी बघू या?