ज्योत वर का जाते?



आम्हा कवी मंडळींचं ज्योतीवाचून पान हलत नाही. देवघरातली समई असो की मुशायऱ्यातली शमा, ज्योत वरच झेपावणार असं आम्ही धरून चालतो. पण उंच जाणं हा ज्योतीचा स्वभाव नाही. ती पृथ्वीची करणी आहे.

मेणबत्ती पेटली की भोवतालची हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. खालून ताजी हवा तिची जागा घेते. त्या ओढीनं ज्योत निमुळती होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात वजनच जाणवत नाही. तिथं गरम हवा वर चढत नाही. मुळात 'वर' म्हणजे कुठं, हाच प्रश्न! म्हणून तिथली ज्योत गोल, निळसर आणि मंद असते. सावकाश झिरपत येईल तेवढ्या प्राणवायूवर ती जगते.

ही नुसती गंमत नव्हे. फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मीर' या रशियन अंतराळस्थानकात प्राणवायू तयार करणाऱ्या नळकांड्यानं पेट घेतला. आत सहा माणसं, सगळीकडे धूर आणि पळायला अंगण नाही! सुदैवानं सगळे वाचले. अशा ठिकाणी आग कशी पसरते, हे आधी ठाऊक असायलाच हवं.

२००३ साली 'कोलंबिया' यानात, कल्पना चावला ज्या मोहिमेत होत्या त्याच मोहिमेत, ज्योतींचे असे प्रयोग झाले. आगीचा एक इवलासा गोळा तिथं तब्बल ८१ मिनिटं तेवत राहिला. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळलं, सातही जण गेले. पण प्रयोगांची बरीचशी माहिती त्याआधीच पृथ्वीवर पोचली होती.

पुढे २०१६ मध्ये 'नासा'नं एका निर्मनुष्य मालवाहू यानात सुमारे ९४ सेंटीमीटर लांबीचं कापड मुद्दाम पेटवलं. सूत आणि काचतंतू यांचं ते मिश्र कापड. यानात पंख्यानं मंद वारा सोडला होता. तरी पृथ्वीवर खालून पेटलेलं कापड जसं भराभर वर पेटत जातं, तशी ती आग धावली नाही, सावकाश सरकली.

हे वाचलं आणि मला माझी आपा आठवली. मी शाळेत होतो. रॉकेलच्या स्टोवर ती चहा ठेवत होती, ओढणीचं टोक पेटलं. ती घाबरून उभीच धावत सुटली. ज्वाला पाहता पाहता खांद्यापर्यंत चढल्या. शेजारच्या काकूंनी तिला जमिनीवर पाडलं आणि गोधडीत गुंडाळलं, म्हणून ती वाचली. मानेवरचे व्रण मात्र राहिले. काकूंनी धक्का का दिला, याचा मला कित्येक दिवस राग होता.

आता कळतं. उभ्या माणसाच्या कपड्यावर गरम ज्वाला वरचं कोरं कापड चाटत जाते. धावलं तर तिला वारा मिळतो. आडवं झालं की तिची वरची वाट तुटते, गोधडीनं हवा तुटते. काकू चौथी शिकलेल्या. पण आगीचं शास्त्र त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

म्हणून, श्रोतेहो, घरातल्या मुलांना एवढं जरूर शिकवा: कपडे पेटले तर धावायचं नाही. थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं. मग भाजल्या जागी साधं गार पाणी ओतत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

ज्योतीवर कविता मी आजही लिहितो. फक्त ती वर चढते म्हणून तिचं कौतुक करताना, आता हात जरा अडखळतो.