त्रेसष्ट रियाल



आज मी तुम्हाला एका पोराच्या थकलेल्या मजुरीची गोष्ट सांगणार आहे. ती आहे मिगेल दे सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीत. तिचा पहिला भाग १६०५ साली निघाला, दुसरा १६१५ साली.

पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखून धावणारा पन्नाशीतला माणूस, एवढी डॉन किहोतेची ओळख कादंबरी न वाचलेल्यांनाही असते. पण पवनचक्क्या येतात आठव्या प्रकरणात. त्याआधी, चौथ्या प्रकरणात, ओकच्या झाडाला बांधलेला एक पोरगा भेटतो. त्याचं नाव आंद्रेस. मेंढरं हरवतोस म्हणून मालक त्याला पट्ट्यानं फोडून काढतोय. नऊ महिन्यांची मजुरी थकलेली, महिन्याला सात रियाल. किहोते तिथल्या तिथे हिशेब करतो : त्रेसष्ट. मालकाकडून पैसे देण्याची शपथ घेतो आणि समाधानानं निघून जातो. पोरगा कळवळून सांगत असतो की हा माणूस शब्द पाळणारा नाही. ते किहोतेला पटत नाही. तो दिसेनासा झाल्यावर मालक आंद्रेसला पुन्हा बांधतो आणि अर्धमेला होईपर्यंत मारतो.

दुसऱ्या एखाद्या लेखकानं आंद्रेसला इथंच सोडलं असतं. सर्वांतेस त्याला एकतिसाव्या प्रकरणात परत आणतो. किहोते आपल्या पराक्रमाचा साक्षीदार म्हणून त्याला सगळ्यांपुढे उभा करतो, आणि पोरगा खरं काय घडलं ते सांगतो. वर विनवतो, की पुन्हा कधी माझे तुकडे होताना दिसले, तरी मदतीला येऊ नका. किहोते शरमिंदा होतो. हे पान मी कितीदा वाचलंय, तरी दरवेळी पोटात खड्डा पडतो.

चारशे वर्षं ही कादंबरी का टिकली, याचं माझं उत्तर या पानात आहे. चांगल्या हेतूनं केलेलं काम ज्याच्यासाठी केलं त्याच्या अंगावर कसं उतरलं, हे ती त्यालाच विचारते. आणि तरीही किहोतेची माया सोडत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र पेलणारं पुस्तक मला दुसरं सापडलेलं नाही.

सर्वांतेसला हे कुठून कळलं? १५७१च्या लेपांतोच्या लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. पुढे अल्जियर्समध्ये त्यानं पाच वर्षं कैद भोगली. सुटून आल्यावर राजाच्या आरमारासाठी गावोगाव धान्य आणि तेल गोळा करायची नोकरी मिळाली, नंतर करवसुलीची. त्या वसुलीच्या हिशेबावरून तो सेव्हिलच्या तुरुंगात गेला. कुणाचं देणं कुणाच्या अंगावर येतं, हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

आता तुम्हा नव्या पदवीधरांसारखाच एक जण. दुसऱ्या भागात सालामांकाचा एक पदवीधर येतो, सान्सोन कारास्को. वय चोवीस, हुशार, थट्टेखोर. स्वतःला सरदार समजून भटकणाऱ्या किहोतेला घरी आणायचं म्हणून तो स्वतः सरदाराचं सोंग घेतो. पहिल्यांदा हरतो, मग बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर किहोतेला घोड्यावरून पाडतो आणि वर्षभर शस्त्र न धरण्याची अट घालतो. हेतू भलाच होता. पण घरी परतलेला किहोते अंथरूण धरतो. वैद्य म्हणतो, उदासीनं याला पोखरलंय. त्याचा सेवक सान्चो पान्सा रडत विनवतो, मालक, मरू नका, मेंढपाळांचा वेश करून रानात जाऊ या.

शेवटी शुद्धीवर आलेला किहोते मृत्युपत्र सांगतो. अंमलबजावणीसाठी दोघांना नेमतो : गावचा पाद्री आणि हा कारास्को. सान्चोजवळ राहिलेल्या पैशांचा हिशेब कुणी मागायचा नाही. बाकीची मालमत्ता भाचीला. मात्र त्यातून सगळ्यात आधी घर सांभाळणाऱ्या बाईचा, ती कामाला लागल्यापासूनचा थकलेला पगार चुकता करायचा आणि वर वीस डुकाट तिच्या कपड्यासाठी द्यायचे.

ते पैसे त्या बाईच्या हातात पडतील हे बघण्याचं काम आता त्या पदवीधराकडे आहे.