गीता मुखर्जींचा मतदारसंघ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



महिला आरक्षणाच्या कायद्यावर बोला, असं मला सांगितलं होतं. कलमं आणि टक्केवारी तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून मी आज एकाच बाईबद्दल बोलणार आहे. सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींना विचारलं, गीता मुखर्जी हे नाव ऐकलंय का? एकीला ‘मुखर्जी समिती’ आठवली. समिती लक्षात राहते, तिच्यातली बाई राहत नाही.

पश्चिम बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यात पांशकुडा नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. फुलशेतीसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. जवळच तामलुक. आपल्याकडे साताऱ्याला प्रतिसरकार होतं, तसं १९४२ मध्ये तामलुकलाही समांतर सरकार उभं राहिलं. सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा तिथेच हातात तिरंगा घेऊन चालताना गोळ्या लागून पडल्या. तेव्हा बाईनं रस्त्यावर येणं या मुलखाला नवीन नव्हतं.

गीतादींचा जन्म १९२४ चा. विद्यार्थी चळवळीतून त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या, १९६७ पासून दहा वर्षं विधानसभेत होत्या आणि १९८० मध्ये पांशकुड्यातून लोकसभेवर गेल्या. मग १९८४, ८९, ९१, ९६, ९८ आणि ९९. सात निवडणुका, सातही वेळा तोच पक्ष, तीच जागा, आणि ती जागा सर्वसाधारण. १९८४ साली इंदिराबाईंच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट होती. जादवपूरला सोमनाथ चटर्जींसारखा मोठा मोहरा नवख्या ममता बॅनर्जींकडून हरला. पांशकुडा टिकला. १९९९ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सगळ्या देशातून चार खासदार आले, त्या चारांत या एक.

आता कुणी म्हणेल, घरचं राजकारण असणार. होतं. त्यांचे पती विश्वनाथ मुखर्जी पक्षाचे मोठे नेते, थोरले दीर अजय मुखर्जी बंगालचे मुख्यमंत्री झालेले. शिवाय पाठीशी डाव्या आघाडीची गावोगावची संघटना होती. हे लपवण्याचं काही कारण नाही. पुरुष उमेदवारांना यातलं सगळं मिळतं आणि त्यांना कुणी त्याबद्दल विचारत नाही, एवढंच. पण नुसत्या नात्यावर वीस वर्षं कुणी टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. गीतादींच्या आधी १९७७ मध्ये ही जागा आभा माइती यांनी जनता पक्षाकडून जिंकली होती. म्हणजे १९७७ ते २००० अशी सलग तेवीस वर्षं, कुठलंही आरक्षण नसताना, पांशकुड्याचा खासदार बाई होती.

हेच उदाहरण आपल्या तोंडावर फेकतात. बघा, कर्तबगार बाई निवडून येते, मग राखीव जागा कशाला? पण बाकीच्या देशात काय चाललं होतं? १९८० मध्ये गीतादी पहिल्यांदा सभागृहात गेल्या तेव्हा तिथे २८ स्त्रिया होत्या. त्यांच्या सातव्या विजयाच्या वेळी, १९९९ मध्ये, ४९. पाचशेवर जागांच्या सभागृहात वीस वर्षांत एकवीसची वाढ!

सप्टेंबर १९९६ मध्ये देवेगौडा सरकारनं विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं आणि अध्यक्षपद गीतादींकडे आलं. समित्यांचा कारभार तुम्हाला माहीत आहे, फायली म्हाताऱ्या होतात. या समितीनं १२ सप्टेंबरचं विधेयक घेऊन ९ डिसेंबरला अहवाल दिला. तीन महिनेही लागले नाहीत. राज्यसभा आणि विधान परिषदांतही आरक्षणाचा विचार व्हावा, असं त्यात सुचवलं होतं. इतर मागासवर्गीय स्त्रियांचा प्रश्न मात्र सरकारनं योग्य वेळी पाहावा, असं म्हणून ठेवला. मला विचाराल तर तिथे समिती कमी पडली. आपल्याकडे १९९४ पासून स्थानिक संस्थांत ओबीसी जागांमध्ये बायकांचा वाटा होताच, तो दाखला समोर होता. आणि पुढे विधेयक अडवणाऱ्यांना याच मुद्द्याआड उभं राहता आलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. लोकसभा बरखास्त झाली, विधेयक गेलं. जुलै १९९८ मध्ये मंत्र्यांच्या हातातून कागद हिसकावून फाडले गेले. डिसेंबर १९९९ मध्ये पुन्हा मांडलं. ४ मार्च २००० ला, महिला दिनाच्या चार दिवस आधी, गीतादी हृदयविकारानं गेल्या.

पांशकुड्यात पोटनिवडणूक लागली. पक्षानं उमेदवार दिला तो पुरुष, गुरुदास दासगुप्ता. कामगार चळवळीतला मोठा माणूस, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते तेव्हा हरले आणि तृणमूलचे विक्रम सरकार आले, तेही पुरुष. २००४ मध्ये दासगुप्ता जिंकले. तेवीस वर्षं बायकांकडे असलेली जागा एका मृत्यूनं गेली. जिनं देशभरच्या बायकांच्या जागांसाठी समिती चालवली, तिच्या स्वतःच्या जागेवर उभं करायला पक्षाला बाई सापडली नाही. ही टीका फक्त त्यांच्या पक्षावर नाही. आपण तरी काय करतो?

मी एका तालुक्यात वॉर्डाच्या आरक्षणाची सोडत बघायला गेले होते. एक सदस्य पाच वर्षं राबलेली, रेशनपासून पाण्यापर्यंत सगळं तिला माहीत. चिठ्ठी निघाली, वॉर्ड खुला झाला. पुढारी तिला हसत म्हणाले, ‘ताई, आता जरा विश्रांती घ्या.’ ती खाली उतरून चपला घालत होती, तोवर तिच्या वॉर्डाचे इच्छुक ठरलेही होते.

जुन्या विधेयकांत लोकसभेच्या राखीव जागाही अशाच फिरत्या होत्या. त्या तरतुदीनं राखीव जागेवर वीस वर्षांची गीता मुखर्जी घडलीच नसती. २०२३ च्या कायद्यात थोडा बदल आहे, जागा दर निवडणुकीला फिरणार नाहीत, मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरतील. हे आपल्याला बरं, कारण काम उभं करायला वेळ मिळतो. पण तोच कायदा जनगणना आणि पुनर्रचना झाल्याशिवाय लागू होणार नाही, असंही त्यात लिहून ठेवलं. आणि २०२४ च्या निवडणुकीत बायका ७४ निवडून आल्या, आधीच्या ७८ पेक्षा चार कमी.

पांशकुडा मतदारसंघ आता नकाशावरही नाही, २००९ पासून तो भाग घाटाल वगैरे मतदारसंघांत गेला.

जेवणानंतरच्या सत्रात एक काम करू. आपापल्या तालुक्यात गेल्या दोन मुदतींत निवडून आलेल्या आणि जागा खुली झाल्यावर घरी बसलेल्या बायकांची नावं प्रत्येकीनं लिहून काढा. मी वह्या आणल्या आहेत.