कोपी, खोली आणि झोपडी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, मुंबईच्या दिंडोशीहून माहेरी आलेल्या एका ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे.)

इथं बसलेल्या निम्म्या जणी माझ्या चुलत्या, मावश्याच आहेत, त्यामुळं माईक हातात घेतला की हसू येतंय. अध्यक्षताई म्हणाल्या, मुंबईच्या गटाबद्दल सांग. सांगते, पण आधी घराचं सांगते. कारण काल रात्री जेवताना माझ्या आईनं मला विचारलं, "तू अजून झोपडपट्टीतच राहतीस का गं?" लग्नाला तीस वर्षं झाली, तरी हा शब्द आईच्या तोंडून आला की माझं कानशील तापतं.

आता गंमत बघा. माझं सगळं लहानपण ऊसतोडीच्या कोपीत गेलं. तुमच्यातल्या कितीतरी जणी यंदाही दसरा झाला की जाणारच आहात, तुम्हाला कोपी काय सांगू? तळावर उतरलं की पहिलं काम कोपीचं. बांबू वाकवायचे, वर चटई, पाचट, पावसाची भीती असली तर ताडपत्री. आई आणि चुलती अर्ध्या दिवसात कोपी उभी करायच्या. वाकूनच आत शिरायचं, दाराला कडी नाही, रात्री आई दाराशी आडवी झोपायची. दिंडोशीतल्या माझ्या घरापेक्षा कोपी शंभर पटीनं कच्ची. पण "कोपीत राहतो" म्हणताना मला कधी लाज वाटली नाही. तो आपला शब्द आहे. धनगरांचा झाप असतो, फिरस्त्यांचं पाल असतं, कोकणात मांगर म्हणतात. राहणाऱ्यांनीच ठेवलेली नावं ही. झोपडपट्टी हे नाव मात्र बाहेरून बघणाऱ्यानं ठेवलं.

दिंडोशी म्हणजे मुंबईत गोरेगाव आणि मालाडच्या पूर्वेला. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला टेकडी आणि तिच्या मागं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. माझे सासरे 1972 च्या दुष्काळानंतर तिकडं गेले. आधी गोणपाट आणि बांबू, मग पत्रा, मग एकेक भिंत विटांची, वर सिमेंटचा पत्रा आणि पोटमाळा. दहा बाय बारा. तिथं कुणी आपल्या घराला झोपडी म्हणत नाही. आम्ही "खोली" म्हणतो, पोरं "रूम" म्हणतात, आणि खोल्यांच्या रांगेला "चाळ". प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी अमुक चाळ कमिटी म्हणून पाटी असते. माहेरी पत्र टाकताना मी पत्ता "चाळ, खोली नंबर" असाच लिहायचे, म्हणून आईला कितीतरी वर्षं खरं कळलंच नव्हतं!

सरकारी कागदावर मात्र झोपडी आणि झोपडीधारक. 1971 सालचा कायदा आहे झोपडपट्ट्यांसाठी. पूर्वी तर सरकारी मराठीत "गलिच्छ वस्ती" असा शब्द होता. रोज पहाटे उठून गटार उपसणाऱ्या बाईला कुणी सांगावं, की तू गलिच्छ वस्तीत राहतेस! असो.

या लाजेपायी मी काय करून बसले ते आता सांगते. गावात हे पहिल्यांदाच बोलतेय.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. माहेरचे दोन पाहुणे आले होते, चहा ठेवला होता. तेवढ्यात सर्वेवाले आले आणि दारातूनच ओरडले, "झोपडी नंबर अमुक, झोपडीधारक कोण आहे?" पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दारात जाऊन म्हणाले, "इथं झोपडी नाही, ही चाळ आहे. मालक घरी नाहीत, नंतर या." आणि दार लावून घेतलं. ते नंतर आलेच नाहीत. यादीत आमच्या नंबरापुढं "बंद" असं लिहून गेले.

त्या एका शब्दापायी पुढची अकरा वर्षं आम्ही चकरा मारल्या. घर होतं, आम्ही आत राहत होतो, पण कागदावर बंद. लाइट बिल दाखवा, रेशनकार्ड दाखवा, मतदार यादीतलं नाव दाखवा. नवऱ्याचे किती खाडे पडले, मोजले नाहीत. शेवटी गटातल्या दोघी माझ्याबरोबर आल्या. एकीला अर्ज लिहिता यायचा, दुसरीला नुसतं ठाण मांडून बसता यायचं. दुसरीचाच उपयोग जास्त झाला म्हणा ना. नाव लागलं.

कागद नसला तर काय होतं, ते टेकडीवरच्या बायकांना विचारा. जंगलाच्या हद्दीतली घरं हटवायचा आदेश उच्च न्यायालयानं 1997 मध्ये दिला. 1 जानेवारी 1995 च्या आधीच्या मतदार यादीत ज्यांचं नाव, त्यांना सात हजार रुपये भरून दुसरीकडं घर. ज्यांचं नाव नाही, त्यांना काहीच नाही. घरं सारखीच, फरक एका ओळीचा. आणि ज्यांनी पैसे भरले, त्यांतलेही कितीतरी घराची वाट बघत तिथंच राहिले. 1 जुलै 2019 च्या रात्री धो धो पाऊस होता. मध्यरात्रीच्या सुमाराला पिंपरीपाड्याला टाकीच्या आवाराची मोठी भिंत वस्तीवर कोसळली. तीसच्या आसपास माणसं गेली. टीव्हीवर दिवसभर "झोपड्यांवर भिंत कोसळली" असं चाललं होतं. आम्ही मात्र एकमेकींना विचारत होतो, कुणाची खोली गेली?

आमच्या दिंडोशीतच एक दुसरी गोष्टही आहे, ती तुमच्या गटात जरूर सांगा. मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांनी कमी पगाराच्या लोकांना एकत्र करून नागरी निवारा परिषद उभी केली. 1976 च्या कमाल जमीन कायद्यानं जास्तीची ठरलेली जमीन बिल्डरला न जाता गरजू माणसाला मिळावी, म्हणून ते कोर्टात लढले. सभासदांनी थोडे थोडे पैसे जमवले, आणि हजारो कुटुंबांच्या इमारती झाल्या. मी तिथंच दोन घरी पोळ्या करते. रिक्षावाल्याला "नागरी निवारा" म्हणलं की तो मुकाट नेतो, आमच्या गल्लीचं नाव घेतलं की तोंड वाकडं करतो. मधे एक रस्ता आहे फक्त.

आमची इमारत अजून झालेली नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजना 1995 ची. सुरुवातीला 225 चौरस फूट म्हणाले, मग 269, आता 300. आकडा वाढतोय, आमचं वयही वाढतंय. एक गोष्ट मात्र त्या योजनेत चांगली आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. म्हणून आता कुणी दारात येऊन "झोपडीधारक कोण?" म्हणलं, तर मी हात वर करते. घरात खोली म्हणते, कागदावर झोपडी म्हणून सही करते. कोपी हा शब्द गोड, पण कोपीला नंबर नव्हता, आईच्या नावाचा कागद नव्हता.

आता तुमच्याकडं येते. घरपट्टीचा नमुना आठ कुणाकुणी डोळ्यांनी बघितलाय? हात वर करा... सातच? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत घरांचे प्रकार असतात, त्यातला पहिला प्रकार आहे "झोपडी किंवा मातीची इमारत". म्हणजे गावातही झोपडी आहेच बायांनो, फक्त कुणी दारात येऊन ओरडत नाही! त्या शब्दाला बिचकू नका. घर कच्चं असेल तर कच्चंच लिहून घ्या, शेजारणीसमोर पक्कं सांगू नका. घरकुलाचे पैसे कच्च्या घराला मिळतात. पाहणीवाला आला आणि तुम्ही तोडीला गेला असाल, तर जाऊबाईला, सासूबाईला सांगून जा, नाहीतर तुमच्याही नावापुढं "बंद" पडेल. आणि नावाचा रकाना नक्की बघा. घर दोघांच्या नावावर करायचा सरकारी निर्णय 2003 सालापासून आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो, पण पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

काल आईच्या प्रश्नावर मी तिला उलटं विचारलं, "आणि तुझं घर कुणाच्या नावावर आहे?" ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या, अजून कुणाच्या?" वडील जाऊन चार वर्षं झाली. आज सकाळी मी तिला घेऊन ग्रामपंचायतीत गेले, अर्ज दिला, पोच घेतली. साहेब म्हणाले, आठ दिवसांनी या. माझं परतीचं तिकीट परवाचं होतं, ते मी रद्द केलंय. पुढच्या सोमवारी ज्यांना यायचंय, त्यांनी दहा वाजता आमच्या दारात या. येताना जुनी घरपट्टीची पावती आणा.