आडनाव आलं कुठून?



आपल्या मोसम खोऱ्यात नवी सून दळण घेऊन गिरणीवर गेली, की कुणीतरी विचारतंच, "तुनं आडनाव काय शे?" ती सासरचं सांगते. लगेच पुढचा प्रश्न येतो, माहेरचं कोणतं? आपल्या बोलण्यात बाईची दोन्ही आडनावं जिवंत असतात, पण कागदावर एकच उरतं. म्हणून आज आपण आडनावांची गोष्ट करूया.

पुष्कळ आडनावं गावावरून पडली. गावाच्या नावाला 'कर' लावलं की झालं, जसं नाशिककर किंवा मालेगावकर. गोव्यातल्या मंगेशी गावावरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं आणि लताबाईंनी ते जगभर नेलं. डॉ. बाबासाहेबांचं मूळ आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. त्यावरून शाळेत आंबडवेकर लागलं आणि पुढे आंबेडकर झालं.

काही आडनावं कामावरून आली. गावाचा कारभार पाहणारा पाटील, हिशेब लिहिणारा कुलकर्णी. सुतार, लोहार, कुंभार ही तर सांगायलाच नको. फडणीस, चिटणीस यांतला 'नीस' फारसीतून आला. त्याचा अर्थ लिहिणारा. महात्मा फुले यांच्या घराण्याचं आडनाव आधी गोऱ्हे होतं आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवायचं काम मिळालं आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले.

आता आपल्या बागलाणाकडे येऊ. मुल्हेर आणि साल्हेरच्या या मुलखावर बागुल राजांचं राज्य होतं. त्यांच्या दरबारातल्या रुद्रकवीने १५९६ साली या घराण्यावर संस्कृतात मोठं काव्य लिहिलं. १६३८ साली औरंगजेबाने मुल्हेर घेतला आणि ते राज्य संपलं. बागलाण हे नाव बागुलांवरूनच पडलं असं अभ्यासक मानतात. राज्य गेलं, पण बागुल आडनाव आजही इथल्या वस्त्यांवर, पाड्यांवर भेटतं. पवार, सोनवणे, गायकवाड, जाधव यांचंही तसंच. एकच आडनाव मराठ्यांत, दलितांत आणि आदिवासींत सापडतं. तेव्हा नुसत्या आडनावावरून कुणाची जात ठरवू नये आणि कुणाला उंच-नीच तर मुळीच समजू नये.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इटलीत फेरारी नावाची महागडी गाडी बनते. तिथे फेरारी हे आडनाव आहे आणि त्याचं मूळ लोहारकामात आहे. रोस्सी म्हणजे तांबड्या केसांचा, रोमानो म्हणजे रोमचा, म्हणजे जणू आपला रोमकर! १५६३ साली चर्चच्या धर्मसभेने प्रत्येक गावात बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद ठेवायला सांगितलं आणि आडनावं आणखी पक्की झाली. आपल्याकडेही शाळेचा दाखला, कोर्ट, जमिनीचे कागद आले, तेव्हा बोलण्यातलं नाव शाईने कायम झालं.

पण मैत्रिणींनो, गाव कुणाचं, काम कुणाचं, राज्य कुणाचं? बहुतेक आडनावांत पुरुषाचीच ओळख आहे. सावित्रीबाईंना आपण फुले म्हणून ओळखतो. त्या नायगावच्या नेवसे पाटलांची लेक, हे कितीजणींना ठाऊक आहे? शेतात निंदणी, कांदेलागण, काढणी आपण करायची आणि बाजार समितीतल्या हिशोबपट्टीवर नाव मात्र दुसऱ्याचं.

इटलीत लग्नानंतरही बाईच्या कागदावर जन्माचंच आडनाव राहतं. मूल झालं की आडनाव मात्र आपोआप बापाचं लागायचं. २०२२ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. आता आई-बाप दोघांचंही आडनाव लागतं, किंवा दोघांनी ठरवलं तर एकाचं.

आपल्याकडेही पाऊल पडलं आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. आणि लग्न झालं म्हणून बाईने आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. बदलायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

जिने बदललं, तिने मात्र कागद सांभाळायचे. जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र एकाच पिशवीत ठेवा. माहेरची ती आणि सासरची ती एकच, हे त्यावरून दाखवता येतं. याची गरज सगळ्यात जास्त पडते ती वडिलांच्या जमिनीला वारस लावताना. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे. आडनाव बदलल्याने तो जात नाही. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. आदिवासी आणि इतर धर्मांच्या बहिणींचे नियम वेगळे आहेत. त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे विचारावं. तिथे बायकांना वकिलाची मदत मोफत मिळते.

भावाने प्रेमाने हक्कसोड पत्र पुढे केलं, तर आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. सही करायची की नाही, ते घरी येऊन, विचार करून ठरवा. भाऊबीज दरवर्षी येते, पण हक्क एकदा लिहून दिला की परत मिळणं कठीण.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात एवढं करा. वहीत प्रत्येकीने स्वतःचं नाव लिहावं, मग आईचं, मग माहेरचं आडनाव आणि सासरचं. जिला लिहिता येत नाही, तिचं शेजारणीने लिहावं. मग आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि सातबारा काढून बघा, आपलं नाव कुठे कसं लिहिलं आहे आणि कुठे लिहिलेलंच नाही. जिथे नाही तिथे ते कसं लागेल, याची चर्चा त्याच बैठकीत सुरू करा.