वही कोणाची, क्लेम कोणाचा?



'चालू व्यवसायात सर्वांच्या सहभागातून ब्लॉकचेन' असा आजचा विषय जाहीर झाला आहे. समोर द्राक्ष बागायतदार दिसतात, पॅकहाऊस चालवणारे दिसतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक दिसतात. म्हणून बोलणार ते द्राक्षाच्या निर्यातीबद्दलच.

तंत्राचा भाग आधी उरकतो. ब्लॉकचेन म्हणजे एक नोंदवही, जिच्या सारख्या प्रती अनेकांकडे असतात. नवी नोंद चढवायची तर ठरलेल्या नियमाने इतरांची संमती लागते. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो, त्यामुळे मागे जाऊन कुणी गुपचूप खाडाखोड केली तर पुढची पानं जुळत नाहीत आणि चोरी लगेच उघडी पडते. 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने आलेल्या निबंधातून ही कल्पना चलनासाठी पुढे आली. 2015 च्या अखेरीस लिनक्स फाउंडेशनने हायपरलेजर सुरू केलं आणि चलनाशिवाय, माहितीतल्या सभासदांपुरती अशी वही चालवण्याची साधनं उद्योगांच्या हाती आली.

या वहीची हमी एवढीच, की लिहिलेलं नंतर बदलणार नाही. लिहिलेलं खरं होतं का, पुरेसं होतं का, हे ती सांगू शकत नाही. 2010 चा हंगाम इथल्या अनेकांना आठवत असेल. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ रोखायला आपण वापरतो त्या सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. माल अडकला, भाव कोसळले, बागायतदार कर्जात गेले. केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची, म्हणजे अपेडाची, ग्रेपनेट ही माग काढण्याची प्रणाली तेव्हाही चालू होती. प्लॉटची नोंदणी, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, पॅकहाऊस, फायटो म्हणजे वनस्पती आरोग्याचा दाखला अशी साखळी त्यात नोंदली जात होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसीच नव्हतं. त्या जागी जगातली सर्वांत भक्कम ब्लॉकचेन असती, तरी तिने तोच अपुरा अहवाल जपून ठेवला असता. म्हणून अशा प्रकल्पाची आखणी करताना माझा पहिला प्रश्न असतो: यादी कोण ठरवतं, आणि ती बदला म्हणायचा अधिकार बागायतदाराला आहे का?

दुसरा दाखला समुद्रावरचा आहे. मर्स्क या जहाज कंपनीने 2014 मध्ये केनियाहून नेदरलँड्सला निघालेल्या एका रेफ्रिजरेटेड कंटेनरचा माग काढला. जवळपास 30 व्यक्ती आणि संस्था, आणि 200 हून अधिक वेळा कागदपत्रांची देवाणघेवाण, असा त्या एका कंटेनरचा पसारा निघाला. यातून आयबीएमच्या साथीने 2018 मध्ये ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेनवरचा मंच उभा राहिला. गरज खरी होती, पैसा होता, तज्ज्ञ होते. तरीही नोव्हेंबर 2022 मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि संपूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही हे कारण मर्स्कनेच दिलं. प्रतिस्पर्ध्याच्या घरात ठेवलेल्या वहीत आपला धंदा लिहायला बहुतेक इतर जहाज कंपन्या सुरुवातीला तयारच नव्हत्या. काही मोठ्या कंपन्या पुढे आल्या, पण पायाभरणीत त्यांचा हात नव्हता. माझ्या मते ट्रेडलेन्सचं भवितव्य पहिल्याच वर्षी ठरलं, कारण मालकीचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या नंतर हाती घेतला गेला.

आपल्याकडे हा प्रश्न आधी सोडवण्याची सोय कायद्यातच आहे. कंपनी कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीच्या तरतुदीत, सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत असतं. सहकारात वाढलेल्या महाराष्ट्राला सर्वसाधारण सभा, विषयपत्रिका, ठराव हे शिकवावं लागत नाही. तेव्हा सल्लागार कंपनीला बोलावण्याआधी सभा बोलवा.

सभेत काय ठरवायचं? आधी हे शोधा की एकाची नोंद दुसऱ्याला मान्य नाही अशी जागा आपल्या धंद्यात कुठे आहे. जिथे सगळ्यांचा एकावर विश्वास आहे, तिथे साधा डेटाबेस पुरतो. तो स्वस्तही पडतो आणि चालवायलाही सोपा. द्राक्षात माझ्या पाहण्यात ही जागा एकच, आणि ती फार दुखरी आहे: क्लेम. बागेत क्रेट भरले, वजनाची पावती हातात आली, पॅकहाऊसमध्ये पनेट भरून माल प्रीकूलिंगला गेला. कित्येक आठवड्यांनी निरोप येतो की युरोपात माल उतरला तेव्हा मणी गळालेले होते, कूज होती, आयातदाराने क्लेम लावला, एवढे पैसे कापले. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातला धोका टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास लांबला आणि हे वाद वाढायला आणखी जागा झाली. कंटेनरमध्ये तापमान टिपणारा डेटा लॉगर असतो. तो उघडतो आयातदार. आकडे मिळाले तर निर्यातदाराला मिळतात. ज्याच्या विक्रीच्या पट्टीतून रक्कम कापली जाते, त्या बागायतदाराच्या हाती उरते फोनवरची बातमी.

समाईक वहीचा उपयोग इथे आहे. प्रीकूलिंगची वेळ, लॉट क्रमांक, लॉगरचे आकडे, माल उतरल्यावरचा तपासणी अहवाल फोटोंसह, आणि विक्रीचा भाव. प्रत्येक नोंद ज्याच्या हातून घडली त्यानेच आपल्या सहीने चढवायची आणि ती बागायतदाराला त्याच दिवशी मोबाइलवर दिसायची. प्रती उत्पादक कंपनीकडे, आयातदाराकडे, लॅबकडे आणि शक्य तर शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या उत्पादक कंपनीकडेही हव्यात. सगळ्या प्रती निर्यातदाराच्या एकाच सर्व्हरवर असतील, तर ती वही कुणी ब्लॉकचेन म्हणून विकली तरी घेऊ नका.

चूक दुरुस्तीचा नियमही पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. 2016 च्या जूनमध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डीएओ' या सामूहिक निधीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन तिथल्या चलनाचे सुमारे 36 लाख इथर काढले गेले. पैसे परत फिरवायचे की लिहिलं ते अंतिम मानायचं, यावर समुदाय दुभंगला आणि जुलैमध्ये ब्लॉकचेनच्याच दोन साखळ्या झाल्या. जुनी आजही इथेरियम क्लासिक म्हणून चालते. आपल्याकडे प्रश्न छोटे असतील: लॉट क्रमांक चुकीचा टाकला, फवारणीची तारीख चुकली. जुनी नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची नवी नोंद चढवायची आणि तिला कोणाची संमती लागेल, हे करारात हवं. फवारणीची वही आठवड्याच्या शेवटी आठवणीतून भरायची सवय मात्र कुठल्याही करारापेक्षा आधी सुटली पाहिजे. टाकी रिकामी झाली की बांधावरच नोंद व्हावी, आणि ती मजुरालाही करता यावी इतकी सोपी असावी.

शेतकऱ्याचं नाव, आधार, बँक खातं यातलं काहीही या वहीत नको. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे आणि ही वही पुसता येत नाही. प्लॉट क्रमांकाचा सांकेतिक ठसा पुरेसा आहे. टोकन काढून सभासदांना वाटण्याचा सल्लाही कुणी देईल. नम्रपणे नकार द्या. 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, व्यवहारावर 1 टक्का टीडीएस आहे, आणि द्राक्षाच्या भावातल्या चढउतारावर आणखी एका भावाचा जुगार बागायतदाराच्या डोक्यावर लादण्याचं काहीच कारण नाही.

खर्च कोण देणार? वहीचा सर्वांत मोठा फायदा आयातदाराला आणि त्याच्या मागच्या सुपरमार्केटला होतो, कारण त्यांना मालाचा माग मिळतो. तेव्हा किलोमागे ठरावीक रक्कम त्यांच्याकडून आली पाहिजे. बागायतदाराच्या पट्टीतून ती कापली गेली, तर पुढच्या हंगामात तो येणार नाही. येऊही नये.

पहिल्या हंगामात मोजके प्लॉट, एकच आयातदार, एकच पॅकहाऊस घ्या. ऑक्टोबर छाटणीच्या आधी करार हातात हवा, म्हणजे विषय यंदाच्या सर्वसाधारण सभेतच यायला हवा. आणि सभेच्या नोटिशीआधी आयातदाराला एक पत्र पाठवा: लॉगरचे आकडे आणि माल उतरल्यावरचा अहवाल तुम्ही स्वतःच्या सहीने, 24 तासांच्या आत, बागायतदाराला दिसेल अशा वहीत चढवाल का? लेखी होकार आला तर सॉफ्टवेअरवाल्यांना भेटा. टाळाटाळ झाली, तर त्या हंगामाचा वेळ दुसरा आयातदार शोधण्यात घालवा.