सोळा ते सत्तावीस

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, कर्ज, काजू-कोकमाचे भाव यांवर बोलतो. आज मुलींच्या धावण्याविषयी बोलूया.

साताऱ्याच्या माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. आपल्याकडे पाऊस कधी थांबतो म्हणून बघतात, तिकडे कधी येतो म्हणून. तिथे शेतकऱ्याच्या घरात १९८९ साली ललिता बाबर जन्मल्या. २००५ मध्ये पुण्यात वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. वय सोळा.

आता त्यांचं पुढचं वय मोजत चला. २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. तीही बेचाळीस किलोमीटरची शर्यत! मग त्या स्टीपलचेजकडे वळल्या. ही तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत. अडीच फूट उंचीचे लाकडी अडथळे अठ्ठावीस वेळा, आणि पाण्याचा खड्डा सात वेळा ओलांडायचा. पाय लागला तर अडथळा पडत नाही, आपणच पडतो.

२०१४ च्या आशियाई खेळांत त्यांना ९ मिनिटं ३५ सेकंद लागले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९ सेकंद. दोन वर्षांत सुमारे पंधरा सेकंद कमी झाले. १५ ऑगस्टला त्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर, बत्तीस वर्षांनी, ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत भारतीय स्त्री दिसली. त्या वेळी वय सत्तावीस.

त्याच अंतिम फेरीत इथिओपियाची एतेनेश दिरो होती. प्राथमिक फेरीत धक्काधक्कीत तिचा बूट फाटला. तिने बूट आणि मोजा काढून टाकला आणि एका अनवाणी पायाने शर्यत पुरी केली. तिला अंतिम फेरीत घेतलं गेलं. ही जिद्द सगळ्यांना दिसली. पण तिथवर पोचायला लागलेली वर्षं कोणी बघत नाही.

मैत्रिणींनो, सोळा ते सत्तावीस ही अकरा वर्षं आपल्या घरातल्या मुलीची कशी जातात? शाळेच्या स्पर्धेत ती पहिली येते, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. दहावी झाली की ऐकू येतं, "आता धावान काय करतला चेडू?" मग बारावी, मग स्थळं. लांब पल्ल्याचं धावणं हळूहळू पिकतं. ज्या वयात ते पिकायला लागतं, त्याच वयात आपण ते थांबवतो. ललिताताईंना खेळामुळेच राज्य शासनाने थेट उपजिल्हाधिकारी पदावर नेमलं. प्रत्येक मुलगी तिथवर जाणार नाही, हे आपल्यालाही कळतं. पण पळून तर बघू दे.

यात गटाने काय करायचं? आपल्या कर्जाच्या नोंदवहीत लग्न, आजारपण, घरदुरुस्ती, जाळी ही कारणं असतात. 'मुलीचे बूट' हेही कारण लिहिता येईल. हप्ता छोटाच असेल.

दुसरं, सकाळचा एक तास. पाणी, केर, भांडी हे काम तेवढ्या वेळापुरतं घरात दुसऱ्या कोणी घ्यावं, भावानेसुद्धा. एकटीला पाठवायची भीती वाटते ना? वाडीतल्या चार-पाच मुली मिळून जाऊ देत, बरोबर गटातली एक बाई. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूत धावावं. सुक्या वाळूत पोटऱ्या भरून येतात.

तिसरं, ताट. धावणाऱ्या मुलीला नाचणी, कुळीथ, अंडं, मासे पोटभर हवेत. माशाची मोठी तुकडी दर वेळी मुलाच्याच ताटात कशाला? चक्कर येत असेल, पाळी दोन-तीन महिने चुकत असेल तर अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात दाखवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या वाडीत कोण मुलगी धावायची आणि आता धावत नाही? तिचं नाव लिहा आणि तिच्या आईला बैठकीला बोलवा. आम्हीही आमच्या गटांत हेच करणार आहोत.